भिंत ऐकणारे कदम

पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा पीटर कदमांनी मला नमस्कार केला नाही की आमच्या ह्यांना केला नाही. चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेले, फ्रिजच्या अंगावर तळहात टेकवला आणि डोळे मिटून उभे राहिले, ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावतात तसे. मी पाण्याचा ग्लास हातात धरून थांबले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि गंभीरपणे मला सांगितलं, "वहिनी, हा झोपेत दात खातो."

मी मनात म्हटलं, झालं. दिल्लीतल्या अख्ख्या द्वारकेत शेजार मिळाला तो हा. आणि तिसऱ्या आठवड्यात फ्रिज बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, कॉम्प्रेसर आतून घासला गेलाय, कितीतरी दिवस आवाज करत असणार, तुम्हाला ऐकू कसा नाही आला? मी म्हटलं, मला नाही आला, शेजाऱ्यांच्या हाताला आला. तो माझ्याकडे बघत राहिला. मीही मग चहाचं विचारलं नाही.

कदम मूळचे नगरचे. मिशन कंपाउंडात वाढलेले, वडील चर्चमध्ये घंटा वाजवायचे म्हणे. गुडगावला एका कारखान्यात होते. बाहेरच्या कंपनीशी हातमिळवणी करून वॉशिंग मशीन आणि कूलर काढणारे असे कारखाने तेव्हा तिकडे शेतांमधून उगवत होते. तिथे आवाज आणि थरथर तपासणं हे कदमांचं काम. हे एवढंच काम करायला पगार देऊन माणूस ठेवतात, यावर माझा सहा महिने विश्वास बसला नव्हता. आमच्या लहानपणी मिक्सर लागला की चार घरांना कळायचं आज चटणी आहे, कुणाची तक्रार नव्हती. पण बाजारात बाहेरचा माल आला आणि आपल्या लोकांनाही मशीन गप्प हवं झालं. म्हणून कदमांना बोलावणं आलं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी लांब स्क्रू ड्रायव्हर असे. त्याचं टोक मशीनला लावायचं आणि मूठ कानाच्या हाडाला. आवाज मोजायचं यंत्रही होतं, टोकाला काळ्या स्पंजाचा गोळा असलेलं, पण त्यावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. आकडा यंत्र सांगतं, दुखतंय कुठे ते हात सांगतो, असं म्हणायचे. मशीनच्या तब्येतीचे त्यांचे तीन शब्द ठरलेले होते. साधी गुणगुण असली की मशीन "बोलतं". स्पीड वाढवताना एका ठिकाणी अंगात आल्यासारखं थरथरायला लागलं की ते "उठतं". आणि आतलं बेअरिंग झिजायला लागलं की मशीन "खातं". हे तीन शब्द नीट लक्षात ठेवा. मी ठेवले, आणि त्यानेच सगळा घोटाळा झाला.

सोसायटीच्या गणपतीला मी त्यांना आरतीला बोलावलं. आले, टाळ्या वाजवल्या, प्रसाद घेतला आणि जाताना सेक्रेटरी भल्लांना बाजूला घेऊन हिंदीत सांगितलं की डावीकडच्या झांजेला तडा गेलाय. भल्ला मला विचारतात, ये क्या बुरा शगुन है? मी म्हटलं, नाही हो, ही त्यांची आरती आहे.

आता त्या इमारतीबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून तिथे गेलो तेव्हा मेट्रो फक्त नकाशात होती. आमच्या ब्लॉकमध्ये चोवीस फ्लॅट, आणि राहणारी कुटुंबं सात. बाकीच्यांनी घेऊन कुलपं लावून ठेवलेले. दिवसभर धूळ आणि डोक्यावरून विमानं. संध्याकाळ झाली की समोरच्या सगळ्या इमारती एकदम काळ्या व्हायच्या, मध्येच कुठेतरी एखादी खिडकी पिवळी. पाण्याचा टँकर आला की साडेसहाच्या सुमाराला काहीतरी सुरू व्हायचं. आधी फरशीत. मग भिंतीतून वर चढायचं. मग माझ्या मांडणीतलं एक ताट, तेच ते एक ताट, आपोआप बारीक वाजायला लागायचं. आणि मग आमच्या डोक्यावरच्या बंद फ्लॅटचं दार आतून कुणी ढकलावं तसं खडखडायचं. त्या फ्लॅटमध्ये कधी कुणी पाऊल टाकलं नव्हतं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण साडेसहाला मी टीव्ही मोठा करत असे.

आमच्या आणि कदमांच्या मध्ये ती एकच भिंत. त्यांच्याकडे ते जास्त यायचं.

कदम एकटे राहायचे. बायको होती, शालिनीताई. नगरला मिशनच्या शाळेत शिकवायच्या. दोन वर्षं त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या आईचं केलं, आई गेली आणि त्या जुलैत आठ दिवसांच्या रजेवर दिल्लीला आल्या. चौथ्या दिवशी परत गेल्या. जाताना कदमांना म्हणाल्या, "भिंत कण्हते. अगदी आईसारखी. आधी हे थांबवा, मग मी येते."

दुसरा कुणी नवरा असता तर रुसला असता, समजूत घालत बसला असता. कदमांना ते काम वाटलं. म्हणजे त्यांच्या पद्धतीने ते प्रेमच होतं, पण कागदावर ते काम म्हणून उतरलं. दर रविवारी सकाळी एसटीडी बूथवर जाऊन ते बायकोला फोन करायचे. एकदा मी मागेच रांगेत होते. मला वाटलं, काय बोलतील, जेवण, तब्येत, आठवण. कदम म्हणाले, "काल अडतीस होतं. आज छत्तीस." घरातला आवाज किती डेसिबल ते सांगत होते. तिकडून काहीतरी विचारलं गेलं असणार, कारण कदम "हो, जेवतो" म्हणाले आणि फोन ठेवला.

सात महिने तो माणूस संध्याकाळी इमारतीभर हिंडला. भल्लांकडून बंद फ्लॅटच्या किल्ल्या घेतल्या. वाळत घातलेले कपडे काढायला मी एकदा गच्चीवर गेले, उतरताना चौथ्या मजल्यावरचा एक बंद फ्लॅट उघडा दिसला. आत दिवा नाही, सामान नाही. कोपऱ्यात भिंतीला दोन्ही हात आणि गाल लावून कुणीतरी उभं. तेवढ्यात खालून ते कण्हणं सुरू झालं आणि तो माणूस भिंतीला म्हणाला, "आलीस का?" कदमच होते. मी सगळे कपडे तिथे टाकून खाली आले. नंतर त्यांनी घड्या घालून आणून दिले.

एकदा रविवारी आम्हा तिघांना, म्हणजे मला, ह्यांना आणि आमच्या सईला, त्यांनी कारखान्यातली सायलेंट रूम दाखवायला नेलं. भिंतींना, छताला, सगळीकडे स्पंजाचे मोठेमोठे दात. दार लावलं आणि कानावर काहीतरी बसलं. मग हळूहळू एक धप धप यायला लागली. मी विचारलं हे कुठलं मशीन. कदम म्हणाले, मशीन बंद आहे, हे आपलंच काळीज आपल्याला ऐकू येतं. सई रडायला लागली, आम्ही बाहेर आलो. तिथला वॉचमन मला म्हणाला, साहेब सुट्टी झाल्यावर रोज तासभर आत बसतात. मी येताना गाडीत कदमांना विचारलं, भीती नाही वाटत? ते म्हणाले, नाही, तेवढीच सोबत होते. मी हसले. विनोदच वाटला मला तो.

शेवटी सापडलं. तळघरातला पाण्याचा पंप. त्याचं बेअरिंग खात होतं, आणि तो सरळ काँक्रीटवर बसवलेला, त्यामुळे त्याची थरथर पाइपातून वर चढून रिकाम्या घरांत घुमत होती. रिकामं घर भरलेल्या घरापेक्षा जास्त घुमतं, हे कदमांनी मला तेव्हा समजावून सांगितलं. त्यांनी बेअरिंग बदलून घेतलं आणि पंपाखाली जुन्या टायरचे तुकडे कापून घातले. त्या संध्याकाळी साडेसहा वाजले, पंप लागला आणि माझं ताट वाजलं नाही. मी कदमांना हलवा दिला. वाटलं, बाई आता आठवड्यात येतील.

पण त्यांची शाळा मेपर्यंत. अजून अडीच महिने होते.

आठ-दहा दिवसांनी कदम वाटी परत द्यायला आले. सई जमिनीवर पसरून गृहपाठ करत होती, मी कणीक मळत होते. मी विचारलं, मग, झालं ना घर शांत? ते दाराला टेकून म्हणाले, "पंप गप्प झाला, वहिनी. आता संध्याकाळी घर खायला उठतं."

तुम्हाला कळलं असेल. मला नाही कळलं. पुण्यात जन्मले, मराठी घेऊन बी. ए. केलं, आणि मला नाही कळलं. कारण कदम बोलतात म्हणजे मशीनचंच बोलणार. उठतं म्हणजे थरथरतं, खातं म्हणजे झिजतं, असं माझ्या डोक्यात पक्कं. मी कणकेतून हात न काढता त्यांना म्हटलं, "मग त्याच्याखालीही टायर घाला." ते अच्छा म्हणाले आणि गेले.

आता सईचं सांगते. आठ वर्षांची, दिल्लीत वाढलेली. घरात मराठी बोलते, पण शब्द कमी, आणि जे कळत नाही ते सरळ हिंदीत उलथून टाकते. एकदा मी तिला म्हटलं होतं, पोटात कावळे ओरडायला लागले असतील, डबा खा. बाईसाहेबांनी शाळेत मॅडमना सांगितलं, मेरे पेट में कौवे हैं. मॅडमनी मला बोलावून घेतलं होतं. तर गृहपाठ करता करता तिने कदमांचं वाक्य ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी खाली खेळताना सगळ्यांना बातमी दिली, "कदम अंकल का घर शाम को खाने के लिए उठता है."

हिंदीतही रिकामं घर अंगावर येतं, पण ते काटने को दौड़ता है. आमच्या सईचं घर जेवायला उठलं होतं, त्यामुळे कुणालाच ते ओळखीचं वाटलं नाही. पोरांनी पुढचं आपापलं जोडलं. आधी फरशी उठते. मग भिंती जवळ येतात. अंकल म्हणून तर भिंतीला हात लावून उभे राहतात, तिला धरून ठेवायला. आधी लोक रिकाम्या घरांना घाबरायचे, आता एका राहत्या घराला घाबरायला लागले. रविवारी पोरं त्यांच्याकडे सायकलच्या घंट्या दुरुस्त करायला यायची, ती बंद झाली. दूधवाला पिशवी जिन्यात ठेवून जायला लागला. भल्लांनी मला हवन सुचवलं. मी म्हटलं, तुम्ही शिकलेली माणसं, लाज वाटत नाही? आणि सगळ्यांसमोर सांगितलं, आज संध्याकाळी मी स्वतः जाते, बघा खातं का घर मला.

थालीपिठांचं ताट घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं. आत अंधार. कदम खुर्चीत बसलेले, ताठ, हात गुडघ्यांवर. पंखा बंद. फ्रिजचा प्लग काढलेला. भिंतीवरचं घड्याळ थांबलेलं, त्याचा सेल टेबलावर. भिंतीवर क्रूस आणि कंपनीचं कॅलेंडर, एवढंच पांढरं दिसत होतं.

"ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

"मलाही नाही," ते म्हणाले. "कालपण नाही."

ताट सांभाळत मी भिंतीला हात टेकला, आणि भिंतीत काहीतरी होतं. धप. धप. धप. जिवंत. मी हात झटकला आणि कसंबसं म्हटलं, भिंतीत काहीतरी आहे. कदम जागचे हलले नाहीत. मऊ आवाजात म्हणाले, "ते तुमचं आहे, वहिनी. भिंतीत आता काही नाही. मी सगळीकडे हात लावून बघितलं."

ताट टेबलावर ठेवून मी निघाले. चालत निघाले होते, पण बाहेर पडताच पाय आपोआप धावायला लागले, आणि आमच्या दारात थांबायचं सोडून मी थेट खाली फाटकापर्यंत पोचले. तिथे अर्धी सोसायटी उभी होती. झालं. यानंतर त्या मजल्यावर कुणीही चढेना.

कदमांना या अफवेचा पत्ता नव्हता. जिन्यातल्या मुंगीचा आवाज ऐकणारा माणूस, पण माणसं काय बोलतात ते त्यांच्या कानात शिरत नसे. फक्त एकदा मला म्हणाले की हल्ली पावलं पहिल्या मजल्यावरूनच वळतात. मी विषय बदलला. आपल्याच पोरीचा प्रताप कुठल्या तोंडाने सांगणार?

मे महिन्यात शालिनीताईंचं पत्र आलं. पंधरा दिवस येते, परतीचं तिकीट काढलंय. कदमांनी ते पत्र मला वाचून दाखवलं आणि घडी करून स्क्रू ड्रायव्हरच्या खिशात ठेवलं. म्हणाले, या खेपेला परत गेली तर पुन्हा नाही यायची. मग त्यांनी मला हात धरून, हो, अक्षरशः मनगट धरून, त्यांच्या घराच्या सगळ्या भिंतींना हात लावायला लावला. कण्हणं येतंय का, इथे येतंय का, पलंगाच्या मागे येतंय का. एकही खिळा वाजत नव्हता त्या घरात. दारांच्या बिजागऱ्यांना तेल, खुर्च्यांच्या पायांना रबर, नळाखाली फडकं. मला तिथे उभं राहवत नव्हतं, आणि का ते कळत नव्हतं.

त्या आल्या ती भर दुपार. टॅक्सी फाटकात थांबली आणि सगळी पोरं कुंपणाच्या भिंतीवर ओळीने येऊन बसली, सर्कस आल्यासारखी. मी धावत खाली गेले, पण आमची सई माझ्या आधी. तिला वाटलं, नव्या बाईंना कुणीतरी सावध करायला हवं. कदम टॅक्सीच्या बॉनेटला हात लावून ड्रायव्हरला काहीतरी समजावत होते. सईने शालिनीताईंचा पदर ओढला आणि सांगितलं, "आंटी, ऊपर मत जाओ. अंकल का घर खाने के लिए उठता है."

शालिनीताई नगरच्या. हिंदी त्यांची बेताचीच. त्या एकेक शब्द उचलून मराठीत ठेवायला लागल्या, मुलांना शिकवताना ठेवतात तसा. "घर... खाण्यासाठी... उठतं?" आणि थांबल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "घर खायला उठतं."

आणि तेव्हा, मे महिन्याच्या उन्हात, ते वाक्य मला पहिल्यांदा मराठीत ऐकू आलं. टायर घाला म्हणाले होते मी त्या माणसाला. सात महिने खपून भिंतीचं कण्हणं घालवलं आणि मग उरलेल्या शांततेत रोज संध्याकाळी एकटा बसला, आणि हे सांगायला अख्ख्या दिल्लीत त्याला एक मराठी बाई मिळाली, तर ती कणीक मळत होती. मला इतकी शरम वाटली की मी टॅक्सीतली पिशवी उचलून उगाच या हातातून त्या हातात करत राहिले.

शालिनीताई सईसमोर वाकल्या. "कुणी सांगितलं तुला?"

"अंकलने. मराठीत बोलले होते."

"कधी उठतं?"

"संध्याकाळी," सई म्हणाली. "अकेले असतात ना, तेव्हा."

शालिनीताईंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. कदम ड्रायव्हरला सांगत होते की गाडीचा पट्टा सैल आहे, गुडगावच्या पुढे नेऊ नको. त्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. बायको आपल्याकडे बघतेय म्हटल्यावर ते गडबडले, पुढे आले, आणि शपथेवर सांगते, दहा महिन्यांनी घरी आलेल्या बायकोला हा माणूस म्हणाला, "एकतीसपर्यंत आणलंय."

शालिनीताईंनी ट्रंकेची एक कडी धरली, दुसरी कदमांना धरायला लावली आणि दोघं जिना चढले. पोरं श्वास रोखून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालिनीताईंनी आमची बेल वाजवली. मला वाटलं साखर हवी असेल. त्यांनी विचारलं, इथे पोस्ट कुठे आहे, शाळेला राजीनामा रजिस्टरने पाठवायचाय. मी आत जाऊन चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर गेले. रस्ताभर मी माफी मागायचं ठरवत होते, पण जमलं नाही. त्यांनाच बोलायचं होतं. म्हणाल्या, दर रविवारी आकडे सांगायचे हो, मला वाटायचं मजेत आहेत.

आता मधल्या भिंतीचं विचारू नका. बाई हातातून भांडी पाडतात, सकाळी उपासनेची गाणी म्हणतात आणि सूर कुठे लागतोय याची फिकीर करत नाहीत, रेडिओ एकदा लावला की बंद नाही. खुर्च्यांच्या पायांचे रबर त्यांनी पहिल्याच आठवड्यात काढून टाकले, केर अडकतो म्हणून. माझं ते ताट पुन्हा वाजायला लागलंय. परवा तक्रार करायला गेले तर कदम जिन्यातच उभे, हातात ते काळ्या गोळ्याचं यंत्र. मला आकडा दाखवला. "अठ्ठावन्न, वहिनी," म्हणाले, आणि यंत्र खिशात ठेवायचं सोडून तसंच धरून राहिले. मी तक्रार केली नाही.

पोरं पुन्हा घंट्या घेऊन वर यायला लागली. त्यातल्या एकाने भीत भीत सईला विचारलं, अब नहीं उठता? मी दारामागे उभी होते. सई म्हणाली, "अब क्यूँ उठेगा? आंटी उसको टाइम पे खाना देती हैं."

तिचं मराठी मी रोज दुरुस्त करते, हिंदीसुद्धा करते. हे मात्र मी तसंच राहू दिलं.